शिट्टी आधी, भांडे नंतर : अँडीजचे दोन पोटांचे ‘सिल्बादोर’ घडवण्याची रीत

सिल्बादोर म्हणजे पाणी भरून कलंडवले की आपोआप शिट्टी वाजवणारे मातीचे भांडे. ते करायला घेणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. दोन्ही पोटे गोल आली, वर पक्ष्याचे डोके झकास जमले, भट्टीतून भांडे धड बाहेर आले. पाणी भरून कलंडवले, तर ‘फुस्स’. तोंडाने फुंकले की कर्कश वाजते, पाण्याने मात्र वाजत नाही. माझी पहिली तीन भांडी अशीच मुकी निघाली. तिन्ही वेळा मी भांडे आधी केले आणि शिट्टी शेवटी चिकटवली होती. खालची रीत नेमकी त्याच्या उलट क्रमाने जाते.

आधी एवढे समजून घ्या

पेरू आणि इक्वादोरच्या किनारपट्टीवर चोरेरा, विकुस, मोचे, चिमू अशा अनेक संस्कृतींनी ही भांडी केली. आकार वेगवेगळे असले तरी दोन पोटांच्या भांड्यातली युक्ती एकच. एका पोटाला उघडी तोटी असते, दुसऱ्याला फक्त शिट्टी. दोन्ही पोटे तळाशी नळीने जोडलेली. भांडे शिट्टीच्या बाजूला कलंडवले की पाणी नळीतून तिकडे धावते, तिथली हवा दाबली जाते, आणि तिला बाहेर पडायला शिट्टीखेरीज दुसरी वाट नसते.

जत्रेत मिळणारी पाणी भरायची चिमणी वेगळी. तिच्यात आपण फुंकतो आणि पाणी आवाजाला गिरकी देते. इथे फुंकण्याचे कामच पाणी करते, आणि पाण्याची फुंकर फार दुबळी असते. पोटांतल्या पाण्याच्या पातळीत ४ सेंटिमीटरचा फरक असेल, तर शिट्टीमागे तेवढ्याच उंचीच्या पाण्याचा दाब, त्यातलाही थोडा नळीत खर्च होतो. सहज फुंकताना आपल्या तोंडाचा दाब याच्या कितीतरी पट होतो. म्हणून तोंडाने वाजणारी शिट्टी पाण्याने वाजेलच असे नाही. बहुतेक घोळ इथेच होतो.

टप्पा १ : माती आणि मापे

टेराकोटाची माती चालते. कुंभाराकडून आणली असेल तर पातळ करून बारीक चाळणीतून गाळा, खडा राहता कामा नये. १० टक्क्यांपर्यंत अगदी बारीक ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, मिसळा. शिट्टीला गुळगुळीत माती हवी म्हणून काहीजण ती वेगळ्या मातीची करतात. तसे करू नका. दोन माती वेगवेगळ्या आकसतात आणि शिट्टीच्या मुळाशी तडा जातो. सगळ्या भांड्याला एकाच गोळ्यातली माती घ्या.

आकसणे आधीच मोजा. १० सेंटिमीटरची रेघ मारलेली पट्टी वाळवा, भाजा आणि परत मोजा. रेघ ९ सेंटिमीटर भरली तर लांबीत १० टक्के गेले. पण घनफळात चौथाईहून जास्त जाते, हे लक्षात राहत नाही. ओल्या मातीत ४८० मिलिलिटरचे पोट भाजल्यावर ३५० मिलिलिटरच्या आसपास उरते.

पहिल्या भांड्यासाठी ओल्या मातीतली ही मापे धरा :

– प्रत्येक पोट : बाहेरून साधारण ११ सेंटिमीटर रुंद, भिंत ६ मिलिमीटर
– दोन पोटांमधली मोकळी जागा : ३ सेंटिमीटर
– जोडनळी : आतून १८ मिलिमीटर
– तोटी : आतून तळाशी १५ मिलिमीटर, पोटाच्या माथ्यापासून ८ ते ९ सेंटिमीटर उंच
– शिट्टीची फट : ४ मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर उंच

नळी आणि फट यांच्या मापांत तडजोड नको. लोक नेमके उलटे करतात, नाजूक दिसावी म्हणून नळी बारीक आणि आवाज मोठा यावा म्हणून फट मोठी. फट मोठी असली की हवा जोर न धरता निसटते. नळी ६ मिलिमीटरची असली तर तिच्यातून पाणी पुरेशा वेगाने जातच नाही.

आकारासाठी नमुने हवे असतील तर लिमाच्या लार्को संग्रहालयाची ऑनलाइन सूची चाळा. तोटी किती उंच असते आणि शिट्टी पक्ष्याच्या डोक्यात कुठे दडवलेली असते, ते नीट पाहा.

> सावधान : मूळ प्राचीन भांडे कुठे हाताळायला मिळालेच, तर ‘वाजते का बघू’ म्हणून त्यात पाणी ओतू नका. शतकानुशतके जमिनीत मुरलेले क्षार ओल लागली की विरघळतात आणि वाळताना पृष्ठभागाचे पापुद्रे काढतात. जुने सांधेही सुटू शकतात.

टप्पा २ : शिट्टी

या टप्प्याला एक अख्खा दिवस द्या. चार-पाच शिट्ट्या करा, त्यातली एक निवडा.

शिट्टीचे दोन भाग असतात, पोकळ गोटी आणि हवा आणणारे नाक. गोटीला एक भोक असते. नाकातून निघालेली हवेची पातळ पट्टी त्या भोकावरून सरपटत जाऊन समोरच्या धारेवर आपटते.

*गोटी.* २५ मिलिमीटरची मोठी काचेची गोटी घ्या. ती नसेल तर रिकाम्या रोल-ऑन डिओडरंटमधला याच मापाचा चेंडू चालतो. गोटीला थोडे तेल चोळून तिच्यावर ३ मिलिमीटर जाडीची माती चढवा. माती जरा आवळली की ब्लेडने मध्यावर गोल कापून दोन वाट्या सोडवा. कडांना ओरखडे, स्लिपचा (पाण्यात कालवलेल्या त्याच मातीच्या पातळ चिखलाचा) हलका हात, आणि पुन्हा जोडा. स्लिप जास्त झाली तर आत ओघळते आणि पोकळी लहान होते.

छोटी, १६ मिलिमीटरची गोटी वापरायचा मोह होतो, कारण पुष्कळ जुन्या भांड्यांचा आवाज तीक्ष्ण असतो. पहिल्या खेपेला नको. भोक तेच ठेवले तर मोठ्या गोटीचा स्वर हिशेबाने १००० हर्ट्झच्या आसपास येतो आणि छोटीचा १९००च्या. स्वर जितका उंच, तितकी वेगवान हवा लागते. ती पुरवायला पाण्याची उंची नसते.

*भोक.* गोटी लेदर-हार्ड झाली, म्हणजे चिवट पण अजून ओलसर असली, की माथ्यावर लंबगोल भोक पाडा. हवेच्या दिशेने ४ मिलिमीटर, आडवे ६ मिलिमीटर. ही दिशा चुकली तर हवेला दीडपट अंतर कापावे लागते आणि पट्टी धारेपर्यंत पोचण्याआधीच विस्कटते. भोकाची समोरची कड बाहेरून तिरकी तासून धारदार करा. ब्लेडने तासायचे, बोटाने नाही. बोट फिरवले की धार बोथट झालीच म्हणून समजा.

*नाक.* दोन सेंटिमीटर जाडीची मातीची कांडी घ्या. खालून ८ ते १० मिलिमीटरचे भोक वर न्या, पण आरपार नको. वरच्या टोकापाशी बाजूने, आडवी फट पाडा. बांबूची काडी ४ × १ मिलिमीटरची तासून घ्या, तिला पाणी लावून आत सरकवा आणि सरळ बाहेर ओढा. डावी-उजवीकडे हलवली तर फट फाकते. फटीच्या तोंडाशी लोंबणारा मातीचा कण सुईने काढा, एवढासा कणही हवेची पट्टी वाकडी करतो.

*जुळवणी.* आता नाकाचे बूड ओठांत धरा, गोटी दुसऱ्या हाताने फटीसमोर आणा आणि गरम चहावर घालतो त्याहूनही हलकी फुंकर घाला. गोटी केसभर पुढे, मागे, वर, खाली. समोरची धार साधारणपणे फटीच्या मध्याच्या किंचित खाली असताना स्वर लागतो. लागला की तिथेच सुईने दोन्ही भागांवर खुणा करा. मग गोटी आणि नाक यांच्या खाली मातीची एकच पट्टी घालून दोन्ही तिच्यावर पक्के करा. एकाच पट्टीवर बसल्यामुळे ते बरोबरच आकसतात आणि अंतर बिघडत नाही.

स्वराची चिंता इथे फार नको. भोक वाढवले की स्वर चढतो, गोटी मोठी असली की उतरतो. शिवाय भाजल्यावर सगळेच लहान होते, म्हणून १० टक्के आकसणाऱ्या मातीत स्वर साधारण तेवढाच वर जातो.

टप्पा ३ : बादलीतली परीक्षा

ही परीक्षा टाळली तर पुढची मेहनत जुगार ठरते.

१. एक लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्या, बूड कापा. बाहेरून दर सेंटिमीटरला रेघ मारा.
२. लेदर-हार्ड शिट्टीचे नाक बाटलीच्या तोंडात बसवा. भोवती ओली माती दाबून हवाबंद करा.
३. बादलीत पाणी घ्या आणि बाटली उभी, कापलेली बाजू खाली, हळूहळू बुडवा.
४. बाटलीच्या आतले पाणी बाहेरच्यापेक्षा खाली राहील. दोन पातळ्यांतला फरक हाच शिट्टीमागचा दाब.

> तपासणी : फरक ३ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असताना स्वर लागला तर शिट्टी पास. ५ लागत असतील तर धार आणि फट पुन्हा बघा. ८-१० लागत असतील तर ती शिट्टी मोडा, माती परत गोळ्यात टाका.

नुसते ‘फूऽऽ’ येत असेल तर बहुधा पट्टी धारेच्या वरून जाते. गोटी अगदी थोडी उचला. तरीही स्वर नसेल तर गोटीचा सांधा तपासा. गोटीला दुसरे बारीकसे छिद्र असले तरी ती वाजत नाही.

पास झालेली शिट्टी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. वाळली तर पोटाला चिकटणार नाही.

टप्पा ४ : पोटांचे चार भाग

मोचे आणि चिमू कुंभार साच्यांत माती दाबून भाग तयार करत आणि मग सांधत. आपल्याला सारख्या मापाचे सुपाचे वाडगे पुरतात. वाडग्याला आतून ओले मलमल लावा, ६ मिलिमीटरची मातीची पोळी लाटून त्यात दाबा. असे चार भाग. पोळीची जाडी सारखी ठेवायला लाटण्याच्या दोन्ही टोकांखाली ६ मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवा.

इथे घाई करून पोटे लगेच बंद करू नका. आतले सगळे काम उघड्या भागांतच उरकायचे आहे.

टप्पा ५ : नळी, शिट्टी आणि तोटी, अजून उघड्या भागांतच

*जोडनळी.* खालच्या दोन्ही भागांना तळापासून २.५ सेंटिमीटरवर, समोरासमोर भोक पाडा. जाड काडीभोवती पोळी गुंडाळून नळी करा. दोन्ही बाजूंनी आत किंचित शिरू द्या, आतून आणि बाहेरून वळी, म्हणजे दोरीसारखी वळलेली माती, भरून सांधा. करंगळी घालून पाहा, मध्ये मातीचा ओठ उभा राहिला असेल तर पाणी तिथे अडखळते.

नळी तळाशीच का? थांबलेल्या भांड्यात तिचे तोंड पाण्याखाली राहायला हवे. उघडी पडली तर शिट्टीच्या पोटातली हवा नळीमार्गे तोटीकडे पळते.

*शिट्टी.* शिट्टीच्या पोटाच्या वरच्या भागाला नाकाच्या भोकाएवढेच भोक पाडा. शिट्टी वरून बसवा आणि सांधा *आतूनही* भरा. बाहेरून सुंदर दिसणारा पण आतून कोरडा राहिलेला सांधा हे मुक्या भांड्याचे नेहमीचे कारण. बसवून झाल्यावर आतल्या बाजूने हलकेच फुंकून पाहा. स्लिप फटीत गेली असेल तर आत्ताच कळेल.

*तोटी.* दुसऱ्या वरच्या भागाला. वर निमुळती ठेवा, पण तोंडाशीही १२ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, नाहीतर पाणी भरताना वैताग येतो.

> तपासणी : चारही भाग समोर मांडा. नळीतून करंगळी जाते? नाकातून हवा जाते? तोटी मोकळी आहे? तिन्ही ‘हो’ आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ६ : बंद करणे आणि पूल

वरचे भाग खालच्यांवर ठेवा, ओरखडे, स्लिप, बाहेरून वळी. लाकडी थापटण्याने हलके थोपटा. आता आत हात पोचत नाही, म्हणून हा सांधा चढवताना कडा जरा जाड ठेवलेल्या बऱ्या.

मग तोटीपासून शिट्टीच्या पोटापर्यंत पूल. जुन्या भांड्यांत तो पट्टीसारखा दिसतो आणि मुठीत धरायला असतो. पूल भरीव ठेवा. पोकळ करून दोन्ही टोके आत उघडी ठेवलीत तर शिट्टीच्या पोटातली हवा पुलातून तोटीकडे जाते, दोन्हीकडे दाब सारखा होतो आणि खेळ खलास. माझे दुसरे भांडे याच कारणाने मेले. वरून बघून कुणाला कळलेही नसते.

पक्ष्याचे किंवा माकडाचे डोके शिट्टीवर टोपीसारखे बसवायचे असेल तर गोटीभोवती सगळीकडे बोटभर मोकळी जागा आणि बाहेर दोन-तीन ठसठशीत भोके हवीत. डोळे, चोच, कान, काहीही. टोपी बसवताना गोटीला धक्का लागू नये म्हणून टोपी लेदर-हार्ड झाल्यावरच चढवा.

हवाबंदपणा आत्ता तपासा. फटीवर ओल्या मातीची टिकली लावा, तोटीतून हलके फुंका आणि गालातली हवा धरून ठेवा. गाल बसत गेले तर कुठेतरी गळती आहे. सांध्यांवर ओले बोट फिरवा, गार झुळूक लागेल तिथे वळी भरा.

> विसरू नका : टिकली काढा. हसू नका, भाजलेल्या टिकलीसकट भांडे भट्टीतून काढणारे मी पाहिले आहेत.

टप्पा ७ : वाळवण

भांडे सैल प्लास्टिकखाली ठेवा, आठवडाभर तरी, पावसाळ्यात त्याच्या दुप्पट. नाक, तोटी आणि पूल पातळ असल्याने आधी वाळतात, पोटे मागे राहतात आणि सांध्यावर ताण येतो. म्हणून पहिले तीन-चार दिवस त्या तिन्हींवर ओलसर फडके टाका.

चिमूसारखी चकाकी हवी असेल तर लेदर-हार्ड अवस्थेत गुळगुळीत गोट्याने घासून घ्या. शिट्टीच्या तोंडाला गोटा लावायचा नाही.

वाळल्यावर पॉलिश पेपरने कोरडे घासू नका. ती धूळ सिलिकाची असते, फुप्फुसात बसते. ओला स्पंज पुरे.

टप्पा ८ : भाजणे

‘पोकळ भांडे आतल्या हवेने फुटते’ ही समजूत काढून टाका. इथे हवेला तोटीची वाट आहेच. फुटते ते मातीत उरलेल्या पाण्याच्या वाफेने. म्हणून सुरुवातीला ९० अंश सेल्सिअसवर तीन-चार तास तसेच राहू द्या. भट्टीच्या छिद्रासमोर आरसा धरा, धुके येत असेल तर अजून थांबा. मग सावकाश वर. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचे आकारमान अचानक बदलते, तो पट्टा चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा हळू ओलांडा. शेवट ९०० ते ९५० अंशांवर.

ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावू नका. वितळलेला ग्लेझ फटीत उतरला की एक मिलिमीटरचे काहीच उरत नाही, आणि धारही गोल होते. प्राचीन भांडीही अशा ग्लेझशिवायची.

काळा रंग हवा असेल तर चिमूंचे तत्त्व साधे होते. भट्टीची हवा तोडायची आणि धूर मातीत मुरवायचा. घरगुती पातळीवर भाजलेले भांडे लाकडाच्या भुशासह झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवून पुन्हा तापवतात. हे उघड्यावर करा आणि थंड होईपर्यंत झाकण उघडू नका. गरम असताना हवा लागली तर काळे परत लाल होते. नंतर फटीतली काजळी पातळ काडीने काढा.

टप्पा ९ : पाणी भरणे आणि वाजवणे

भांडे आधी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. ९०० अंशांवर भाजलेली भिंत सच्छिद्र असते. कोरडी असताना तिच्यातून हवा झिरपते, ओली झाली की त्याच छिद्रांत पाणी अडकून ती बंद होतात. शिट्टीत पाणी शिरले असेल तर झटकून आणि फुंकून काढा.

मग दोन्ही पोटांत मिळून ३०० मिलिलिटर. अंदाजाने नाही, मापाने. कमी झाले तर नळी उघडी पडते, जास्त झाले तर कलंडताच पाणी शिट्टीत चढते आणि ती बुडते.

आता क्रम असा. आधी तोटीच्या बाजूला थोडे कलंडवा आणि तीन-चार सेकंद *थांबा*. पाणी तोटीच्या पोटात जमायला वेळ लागतो, कारण शिट्टीच्या पोटात हवा त्याच बारीक फटीतून परत शिरते. मग एका लयीत शिट्टीच्या बाजूला, साधारण ३० अंश. स्वर अडीच-तीन सेकंद टिकतो. परतीच्या वाटेवर शिट्टी गप्प राहते, तो दोष नाही.

तरीही मुके असेल तर

*फुस्स येते, पाणी धावते.* फट किंवा धार बिघडली आहे. काजळी, मातीचा कण, पाण्याचा थेंब, या क्रमाने पाहा.

*पाणी धावते, काहीच ऐकू येत नाही.* गळती. भांडे पाण्यात धरा, फट बोटाने दाबा, तोटीतून फुंका, बुडबुडे कुठून येतात ते बघा. बारीक तड असेल तर मेण चालते. पूल पोकळ राहिला असेल तर इलाज नाही.

*पाणी हळूहळू सरकते, आवाज नाही.* नळी अरुंद आहे किंवा आत मातीचा ओठ आहे. तारेला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून, नळीत पाणी असतानाच घासता येते, पण हे काम चिकाटीचे.

*तुटक, चिवचिवणारा आवाज येतो.* नळीतून बुडबुडे जात आहेत, म्हणजे पाणी थोडे कमी आहे. ५० मिलिलिटर वाढवून बघा. मला स्वतःला तो चिवचिवाटच जास्त आवडतो, आणि पक्ष्याच्या भांड्यात मी मुद्दाम पाणी कमी ठेवतो.

झाल्यावर पाणी ओतून भांडे उलटे टेकवा, पण शिट्टीवर नाही, तोटीच्या बाजूला. या भांड्यातले पाणी प्यायचे नाही. आत हात पोचत नाही, बुरशी धरते.